उजवी बाही

१

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लिहिताना चुका होतील, होऊ देत. पोलिसांना जे सांगितलं नाही ते लिहून ठेवायचं आहे, शोभेचं काही लिहायचं नाही.

वृद्धाश्रमात मी बारा वर्षं कामाला आहे. बावीस खाटा. चादरी बदलायच्या, अंघोळी घालायच्या, कोणी गोळी गालात धरून ठेवली की तोंड उघडायला लावायचं. माझ्या आवाजाला सगळे टरकून असतात. तळमजल्यावरचे ड्रायव्हर आजोबा, आयुष्यभर बस चालवलेले, मला फौजदार म्हणतात. म्हणू देत. फौजदाराशिवाय गोळ्या पोटात जात नाहीत.

ऑफिसातला कारकून सोडून गेला तेव्हा आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी सकाळचं टपाल माझ्या गळ्यात घातलं. टपाल म्हणजे मेल. लांब राहणारी मुलं, सुना, नातवंडं आश्रमाच्या पत्त्यावर मेल पाठवतात. मी कॉम्प्युटर चालू करायचा, एकेक मेल मोठ्या अक्षरात छापायचा आणि दहा वाजता जेवणाच्या खोलीत उभं राहून वाचायचा. ज्याचा मेल त्याच्यापुरता नाही, सगळ्यांसाठी. निम्म्यांना दिसत नाही, निम्म्यांना नीट ऐकू येत नाही, आणि ज्यांना कोणी लिहीतच नाही त्यांनाही दुसऱ्याच्या नातवाचा दात पडला हे ऐकून बरं वाटतं. "एक पत्र बावीस जणांत वाटून खायचं," ड्रायव्हर आजोबा म्हणायचे.

वाचताना मी ओळीखाली बोट धरते. जोडाक्षर आलं की अडखळते. कोणी हसत नाही. हसलं तर दुपारची गोळी माझ्याच हातात असते.

जेवणाच्या खोलीला लागून भेटीची खोली आहे. सहा खुर्च्या, दोन टेबलं, दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. तिथला गालिचा कुजला म्हणून काढून टाकला, तेव्हापासून दार जमिनीपासून तीन बोटं वर राहतं. खालून गार वारा येतो. मी तिथे फडक्याची घडी लावते.

२

बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळेत भूगोल शिकवला म्हणून सगळे बाईच म्हणायचे. एक मुलगा. सहा वर्षांत त्याचा मेल नाही, फोन नाही, कोणाहाती निरोप नाही. तरी रोज दहाला इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत. शेवटचा मेल वाचून झाला की चष्मा काढायच्या, पुसायच्या, म्हणायच्या, "उद्या बघू."

दुपारी अर्धा तास त्या मला जोडाक्षरं शिकवायच्या. मी पन्नाशीची, त्या ऐंशीच्या. "अगं, घाबरतेस काय? अक्षर चावत नाही." चुकले तर पेन्सिलीने बोटावर टक्क. दुसऱ्या कोणी माझ्या बोटावर मारलेलं मी सहन केलं नसतं.

ते 'उद्या बघू' माझ्या डोक्यात बसलं होतं. एका सकाळी टपाल संपलं, हातात औषधांची यादी राहिली होती. बाईंनी चष्म्याला हात लावला आणि माझ्या तोंडातून गेलं, "थांबा, तुमचा आहे एक."

मी औषधांच्या यादीकडे बघत वाचलं. आई, कामात अडकलो आहे. डोळ्यांची काळजी घे, नकाशे फार बघितलेस. मग काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, तू विणलेला स्वेटर अजून जपून ठेवला आहे, त्याची एक बाही लांब आहे ती तशीच आहे.

खोलीत सगळे हसले. ड्रायव्हर आजोबा म्हणाले, "बाईंनी नकाशा बघून विणला असणार."

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आनंदाने गप्प झाल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोन पत्रं मी त्यांना वाचून दाखवायला लागले. कधी धुलाईची यादी, कधी कोरा कागद.

३

कॉम्प्युटर बिघडला की एक माणूस येतो, त्याला आम्ही वायरवाला म्हणतो. त्याने पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवून ठेवली होती. मला समोर बसवून वाचायला लावली. पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर उघडायचं नाही. 'इथे दाबा' म्हणत असेल तर दाबायचं नाही. शुभेच्छापत्र म्हणून आलं असेल तर आधी मला विचारायचं.

"शुभेच्छापत्राने काय बिघडतं?" मी विचारलं.

"मावशी, खरं कार्ड पाठवणारा आपलं नाव आधी सांगतो. खोटं कार्ड नुसतं म्हणतं, तुमच्या एका मित्राने पाठवलंय, तुमच्या एका नातेवाइकाने पाठवलंय. माणूस आशेने उघडतो. त्याच्या पोटात व्हायरस असतो."

"मग आत येऊन करतो काय?"

"आधी तुमच्या वहीतले पत्ते घेतो. मग तुमच्याच नावाने पुढच्याच्या दारात जाऊन उभा राहतो. त्याला वाटतं तुम्हीच आलात. तोही दार उघडतो."

मी म्हटलं, "म्हणजे चोर आमचे कपडे घालून हिंडणार."

"कपडे घालून, आवाज काढून, सगळं," तो म्हणाला आणि चहा मागितला.

मला हे नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

४

एका दुपारी धडा संपला आणि बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या मुलाची पत्रं वाचणं आता बंद कर."

मी म्हटलं, "का हो बाई? चांगली तर लिहितो."

"बाकीच्यांचे मेल वाचताना तू अडखळतेस. ओळीला दोनदा तरी. माझ्या मुलाचं पत्र वाचताना एकदाही अडखळली नाहीस. छत्तीस वर्षं मुलांची वाचनं ऐकली आहेत गं. पुस्तकात बघून पाठ म्हणणारं पोर मला आवाजावरून कळतं."

माझे कान तापले.

"रागावले नाही मी. तुझा हेतू चांगला होता. खरं आलं तर आण, तोवर 'तुमचं काही नाही' म्हण. ते मला ऐकवतं." मग म्हणाल्या, "पण स्वेटरचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सुचलं."

"विटकरी लोकर होती. उजवी बाही लांब झाली. शाळेत सगळे हसले म्हणून त्याने घरी येऊन माझ्या अंगावर फेकला. मीही रागाची, त्याच्या समोर बसून अख्खा उसवला. त्यावरून जे बिनसलं ते कधी नीट झालंच नाही." त्यांनी आपल्या खुर्चीतल्या उशीवर हात ठेवला. उशीची खोळ विटकरी लोकरीची होती. "ही तीच लोकर. कोणाला कधी सांगितलं नाही मी."

मी मनात म्हटलं, उशी रोज झटकते मी, रंग डोळ्यात बसला असेल, लोकरीवरून स्वेटर सुचला असेल. आणि विणताना बाही लांब कोणाची होत नाही? असं मी स्वतःला समजावलं. बाहीचं समजावणं पुरलं नाही, पण त्या दिवशी मला बाहीपेक्षा माझा अपमान मोठा होता. बारा वर्षांत मला कोणी खोटं बोलताना पकडलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल उघडले. पाच होते. पाचव्यावर लिहिलं होतं, 'आईसाठी. तुमच्या कुटुंबातील एकाने तुम्हाला शुभेच्छापत्र पाठवले आहे. पाहण्यासाठी इथे दाबा.'

नाव नाही. शेजारीच पिवळी चिठ्ठी. बावीस खाटांत मुलं असलेल्या अकरा आया, त्यात ही आई कोणती हेही लिहिलेलं नाही. मी चिठ्ठी वाचली, पुन्हा मेल वाचला. वायरवाल्याला फोन करायला दोन मिनिटं लागली असती. ऑफिसात मी एकटी होते, ऊन टेबलावर आलं होतं, बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं.

बाईंसाठी दाबलं असं मी खूप दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला खरी ठरायचं होतं. त्यांच्यासमोर एक खरा कागद टाकून म्हणायचं होतं, हा घ्या.

मी दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग एक चित्र आलं. कोपऱ्यात फुलं, मधे रिकामी खुर्ची, खाली मजकूर. मी तो वाचला नाही, छापला. छापायचं यंत्र रोज एक कागद काढून थांबतं. त्या दिवशी कागद निघाल्यावरही ते बराच वेळ आतल्या आत फिरत राहिलं.

दहा वाजता चार मेल वाचले. बाईंनी चष्म्याला हात लावला.

"तुमचा आहे एक," मी म्हटलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"आई, प्र... प्रत्यक्ष भेटीची उत्... उत्कं... उत्कंठा आहे. रविवारी अकरा वाजता येतो. डोळ्यांची काळजी घे, नकाशे फार बघितलेस."

तिथे माझं बोट थांबलं. हे माझं वाक्य होतं. माझ्या तोंडचं, औषधांच्या यादीवरून म्हटलेलं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"वाच ना, फौजदार," ड्रायव्हर आजोबा म्हणाले.

"स्वे... स्वेटर घालून येतो. उजवी बाही अजून लांब आहे. दुमडायला तू ला... लागशील."

मी कागद खाली केला. बाईंच्या कपाळावरची आठी गेली होती. त्यांनी चष्मा काढला पण पुसला नाही, तसाच मांडीवर धरून बसल्या.

६

दुपारी फोन सुरू झाले. आश्रमाच्या पत्त्यावरून सगळ्या मुलासुनांना कार्ड गेलं होतं. फुलं, खुर्ची आणि एक ओळ, 'रविवारी अकरा वाजता या.' पाठवणारा म्हणून आश्रमाचं नाव. मॅडम दर फोनला तेच सांगत होत्या, नाही हो, आम्ही नाही पाठवलं, ते उघडू नका. तोवर निम्म्यांनी उघडलेलं होतं.

वायरवाला आला, मान हलवत बसला. "मावशी, चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली." मग मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हा व्हायरस बोललेलं ऐकतो का? या खोलीतलं, जेवणाच्या खोलीतलं?"

"कशाने ऐकणार? या जुन्या कॉम्प्युटरला माइक नाही." त्याने मागची वायर उचलून दाखवली. "कान नाहीत याला. टाइप केलेलं तेवढं कळतं."

मी काही टाइप केलेलं नव्हतं. बाही उजवी होती हे तर बाईंनी मला एकटीला सांगितलं होतं, वरच्या खोलीत, दार लावून.

मी तशीच जिना चढले. सांगून टाकायचं ठरवलं होतं, बाई, ते खोटं कार्ड आहे, नाव नाही त्यावर, आणि त्यातली अर्धी वाक्यं माझी आहेत. दार उघडलं तर त्या पलंगावर बसून कपड्यांची घडी मोडत होत्या.

"हा ड्रेस बरा की निळा?"

"बाई, त्या पत्राचं..."

"चार वेळा अडखळलीस," त्या म्हणाल्या. "मी मोजलं." आणि त्यांचा चेहरा असा झाला की ऐंशी वर्षांची बाई कुठे गेली कळेना. "उसवलेला कसा घालून येईल, हाच विचार करते आहे. तसाच दुसरा विणून घेतला असेल. थट्टेखोर होता लहानपणी."

मी उशी झटकली, खिडकी लावली. म्हटलं, "निळा बरा."

एवढंच माझ्या हातून झालं. ती खोली, तो पलंग, त्या दोन घड्या मला अजून रोज डोळ्यांपुढे दिसतात. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एक वाक्य.

७

रविवारी साडेदहापासून लोक यायला लागले. मॅडमनी कार्ड आमचं नाही असं सांगितलं तरी आले. कोणी घाबरून आलं होतं, कोणी भांडायला, एक सून नुसती रडत होती. वर्षात जितके येत नाहीत तितके एका सकाळी. भेटीच्या खोलीत खुर्च्या पुरेनात, लोक बाहेर उभे राहिले. ड्रायव्हर आजोबांची मुलगी चार वर्षांनी आली होती. ते मला म्हणाले, "फौजदार, दर महिन्याला असं एक खोटं कार्ड सोड."

गर्दीत कोण कोणाचं, कोणी विचारत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, हा दुसऱ्या कोणाचा तरी.

अकराला मी चहाचा ट्रे घेऊन गेले. भेटीच्या खोलीच्या दाराला वर काच आहे. आतले बरेचसे लोक उठून बागेत गेले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बाई निळ्या कपड्यांत बसल्या होत्या. त्यांच्या समोर एक माणूस, माझ्याकडे पाठ करून. विटकरी स्वेटर. डावा हात टेबलावर होता. उजवी बाही खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होती.

बाईंनी ती बाही दोन्ही हातांत घेतली आणि दुमडली, शाळेत जाणाऱ्या मुलाची दुमडतात तशी. एक घडी. मग दुसरी. मग तिसरी. हात बाहेर आला नाही. त्या खाली बघून हळूहळू दुमडत होत्या, घडी जाड जाड होत कोपराशी आली, आणि आत काही नव्हतं.

चहा बशीत सांडत होता. मी दार ढकलायचं होतं. माझ्या आवाजाने बावीस जण हलतात, नुसतं 'बाई' म्हटलं असतं तरी झालं असतं.

त्यांनी वर बघितलं. काचेतून मला बघितलं. त्यांना समजलं होतं असं मला आज वाटतं. समोर काय बसलं आहे ते समजलं होतं, आणि तरी त्यांनी बाही सोडली नाही. मान किंचित हलवली, वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बाहेरच थांब म्हणतात तशी.

"मावशी, फोन," मॅडमनी हाक मारली.

मी गेले. दोन मिनिटं. ट्रे हातातच होता.

८

परत आले तेव्हा कोपऱ्यात दोन खुर्च्या समोरासमोर, टेबलावर बाईंचा चष्मा, घडी करून. फाटकाशी बसलेल्या रखवालदाराने त्यांना जाताना बघितलं नाही. बागेतल्या तीस माणसांनी बघितलं नाही. चष्म्याशिवाय त्यांना जिन्याची पायरी दिसत नसे.

वरच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खुर्चीत उशी होती, खोळ नव्हती. आतला कापूस उघडा पडला होता.

पोलिसांनी दाराशी ठेवलेली वही मागवली. अकराच्या वेळेला एक ओळ होती. कोणाला भेटायचं, तिथे बाईंचं नाव. नातं, मुलगा. भेटायला आलेल्याचं नाव, तिथे माझं नाव. माझ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराला माझी ती वाकडी शेपटी, जिच्यासाठी मी पेन्सिलीचे टोले खाल्ले होते.

पोलीस म्हणाला, "हे तुम्ही लिहिलं?"

मी म्हटलं, "हो, गर्दी होती, घाईत चुकून माझंच नाव लिहिलं गेलं. मुलगाच आला होता त्यांचा. चांगला होता दिसायला. बाई खुशीत गेल्या."

एकदाही अडखळले नाही.

पोलिसांनी मुलाचा शोध घेतला. सापडला की नाही, कुठे, कसा, आम्हाला कोणी कळवलं नाही. मॅडमनी दोनदा फोन केला, मग सोडून दिलं. खाट महिनाभर रिकामी ठेवली आणि नंतर दुसऱ्या आजी आल्या. त्या चांगल्या आहेत. मी त्यांच्याशी विनाकारण कडक वागते.

९

टपाल अजून मीच वाचते. ज्यांचं नसतं त्यांना सांगते, तुमचं काही नाही. ड्रायव्हर आजोबांची मुलगी पुन्हा आली नाही. ते म्हणतात, "काहीतरी वाच की गं, फौजदार. तुझ्या मनचं वाच." मी वाचत नाही. ते रुसतात. रुसू देत.

नवा कॉम्प्युटर आला. तरी दर सोमवारी एक मेल असतो. 'तुमच्या कुटुंबातील एकाने.' माझ्या कुटुंबात कोणी नाही. मी तो न उघडता काढून टाकते. वायरवाला म्हणतो, शाबास मावशी.

बाईंचा चष्मा पोलिसांनी नेला नाही. माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात असायचा.

गेल्या सोमवारी टपाल संपवून कप गोळा करत होते. साडेदहा झाले होते, ऊन होतं, बागेत म्हातारे बसले होते. भेटीच्या खोलीत कोणी नव्हतं, कुलूप मीच घातलेलं, किल्ली माझ्याच कमरेला. दाराखालचं फडकं बाजूला सरकलेलं दिसलं म्हणून वाकले.

आत कोणीतरी वाचत होतं. आई, कामात अडकलो आहे. डोळ्यांची काळजी घे. आवाज माझा होता. मी रोज बावीस जणांसमोर वाचते, माझा आवाज मला कळतो. फक्त तो कुठे अडखळत नव्हता. एक पत्र संपलं की लगेच दुसरं. मी वाचलेली सगळी, आणि मी कधी न वाचलेलीही. मधेच कोणीतरी थकल्यासारखा श्वास सोडला, आणि तो श्वास वाचणाऱ्याचा नव्हता.

किल्ली हातात घेतली, परत कमरेला लावली. माझी हिंमत झाली नाही, हे लिहायला लाज वाटत नाही, कारण तसंच झालं.

मी जमिनीवर बसले. खिशातून चष्मा काढला. तीन बोटांची फट, घडी केलेला चष्मा बरोबर जातो. आत सरकवला. हळूच म्हटलं, "बाई, ते कागद तुम्हीच वाचून बघा. मी लिहिलेलं नाही त्यात काही. कोणीच लिहिलेलं नाही."

वाचन थांबलं.

दुपारी मॅडमना बरोबर घेऊन कुलूप उघडलं. सहा खुर्च्या, दोन टेबलं. जमीन मी स्वतः झाडली, कोपरे हाताने चाचपले. चष्मा तिथे नव्हता.